उकळून गाळलेलं पाणी

आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. येण्याआधी नळ खोकल्यासारखा आवाज करी, आणि तो ऐकू आला की गल्लीतल्या सगळ्या बायका हातातलं टाकून उठत. अम्मा विड्या वळत बसलेली असे. मांडीवरचं सूप ती बाजूला ठेवी, तंबाखूचे हात पदराला लागू नयेत म्हणून वर धरून मोरीकडे पळे आणि जाता जाता ओरडे, "चिन्नी, कळशी! अक्का, हौदाचं झाकण!" घरात आम्ही तेलुगू बोलत असू. इथे मी सगळं मराठीत लिहिते आहे, कारण माझं वाचणं आणि लिहिणं मराठीतच झालं. तरी अम्माला 'आई' म्हटलं तर ती दुसरीच कुणी बाई वाटू लागते, म्हणून अम्मा ती अम्मा, वडील ते नान्ना, माझ्याहून चार वर्षांनी मोठी बहीण ती अक्का, आणि धाकटी मी ती चिन्नी.

पाण्याच्या जाती आमच्या घरात ठरलेल्या होत्या. हौदातलं पाणी भांड्याधुण्याला. विड्यांची तेंदूची पानं भिजवायला घंगाळातलं वेगळं, त्याला सतत पानांचा तुरट वास असे. पिण्याचं पाणी अम्मा पितळी पातेल्यात खळखळून उकळे, निवू देई, आणि नान्नांच्या जुन्या धोतराच्या चारपदरी फडक्यातून हंड्यात गाळे. त्या हंड्यात कुणी ओला हात घातला तर पाठीत धपाटा बसे. आजारी माणसाला, बाळंतिणीला, देवाला, सगळ्यांना त्याच हंड्यातलं पाणी. जगात याहून स्वच्छ पाणी असू शकतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

शेजारी यंत्रमागाचं शेड होतं. सकाळी सातला माग सुरू झाले की भिंतीवरची देवाची तसबीर बारीक थरथरू लागे. नान्ना स्वतः अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या मागावर होते. सायकलीने जात, सायकलीने येत, आणि इतक्या वर्षांच्या खडखडाटाने त्यांचे कान पार गेले होते. त्यामुळे आमच्या घरात सगळे मोठ्यानेच बोलत. जेवताना "अजून भाकरी वाढू का" हेसुद्धा पलीकडच्या गल्लीला कळे. अक्का म्हणायची, "आपल्या घरात गुपित ठेवायचं असेल तर फक्त हळू बोलायचं, नान्नांना काही कळत नाही." ती तसं म्हणून हसायची. भाकरी, शेंगाची चटणी आणि चिंचेचं कच्चं सार, ज्याला आम्ही पचिपुलुसू म्हणतो, एवढ्यावर आमचं रात्रीचं जेवण व्हायचं, आणि सारात कांदा जास्त कुणाला आला यावरून आम्ही दोघी भांडायचो.

अक्काचं लग्न झालं आणि मी कॉलेजात गेले. वनस्पतिशास्त्र घेतलं ते बिराजदार सरांमुळे. सर अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. रागावले की त्यांचं मराठी बिघडायचं, आणि मुलींना ते 'तंगी' म्हणत, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. दर रविवारी ते सायकलला बाटल्या बांधून हिप्परग्याच्या तलावावर जात. काठाच्या दगडांवरचा तपकिरी बुळबुळीत थर जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडत आणि त्यातले डायटम बघत. मराठी पुस्तकात त्यांना करंडक म्हणतात. नाव बरोबर आहे: एकाच पेशीचा जीव, पण राहतो काचेच्या झाकणाच्या डबीत, आणि ती डबी तो पाण्यातल्या विरघळलेल्या वाळूपासून स्वतः घडवतो.

पहिल्यांदा सर म्हणाले, "तलाव लांब हाय. तुझ्या घरी हौद असंल की. खरवडून आण." मी आणलं. अम्मा लाजेने लाल झाली होती. "आमच्या हौदातली घाण तू कॉलेजात नेऊन दाखवतेस? सरांना वाटेल हिची आई हौद घासत नाही!" त्या घाणीचा एक थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हिरव्या दोऱ्यांमधून सोनेरी नावा सावकाश सरकत होत्या, कुणीही वल्हवत नसताना. एक चंद्रकोरीसारखी होती, एक मृदंगासारखी, एक बारीक सुई, आणि काही गोल, रथाच्या चाकासारख्या आरे असलेल्या. मध्येच डोक्यावर केसांच्या दोन भिंगऱ्या फिरवणारा एक पारदर्शक प्राणी आला आणि वाटेतलं सगळं गिळत निघून गेला. मी किती वेळ वाकून बसले होते कोण जाणे. सर मागून म्हणाले, "डायनासोर होते ना, तेव्हापास्नं हे हायत. ते गेले, हे राहिले. तू आत्ता श्वास घेतलीस, त्यात ह्यांचा पण वाटा हाय." मग त्यांनी दाखवलं की तलावाच्या कोणत्या काठाला कोणत्या जाती असतात, नाल्याच्या तोंडाशी सुयाच सुया कशा माजतात, आणि नुसत्या एका थेंबावरून पाणी कुठलं आहे ते कसं सांगता येतं. आमच्या भागातल्या नळाला त्याच तलावाचं पाणी होतं, म्हणून हौदातही तलावातलीच मंडळी होती.

पुढे दोन वर्षं मी सरांची मदतनीस झाले, बिनपगारी आणि आनंदी. डायटम नीट बघायचे तर आतला जीव काढून टाकावा लागतो. नमुना तीव्र नायट्रिक आम्लात उकळायचा. जे जे सजीवाचं आहे ते सगळं जळून जातं, काच तेवढी उरते. मग ती डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची. काचसामान धुणं माझं काम होतं. माझ्या हातून कधी काही फुटत नसे.

सणाच्या आधी अक्का अचानक घरी आली, ती दुपार मला अजून इंचाइंचाने दिसते. आमच्याकडे दसऱ्याआधी नऊ दिवस बतुकम्मा असते. पितळी ताटात तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, कुर्डू यांचे थर लावून फुलांचा कळस करायचा, त्याच्याभोवती बायकांनी टाळ्या वाजवत फेर धरायचा, आणि शेवटच्या दिवशी तो तलावात सोडायचा. आमच्या पूर्वजांनी विणकामासाठी सोलापूर गाठलं तेव्हा गाव सुटलं, पण हा सण बायकांनी कमरेला बांधून आणला. अक्का आली तेव्हा पाचवा की सहावा दिवस होता. मी आणि अम्मा पानं कापत होतो. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा आणि कात्री फिरवायची. अक्काने चपला काढल्या, हात धुतले आणि न सांगता तिसरी कात्री घेऊन बसली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "चिन्नी, तुझ्या त्या शेवाळात लग्नं होतात का गं?"

"होतात. पण फार उशिरा," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी सांगितलं. डायटमची डबी म्हणजे झाकण आणि तळ. एकाचे दोन होताना एक मुलगी झाकण घेते, दुसरी तळ घेते, आणि दोघी आपापला नवा तळ आत बसेल असा करतात. म्हणून एका बाजूची पिढी दरवेळी थोडी लहान होते. लहान होत होत अशी वेळ येते की त्याहून लहान झालं तर जगताच येणार नाही. तेव्हा दोघं आपापल्या डब्या उघडून बाहेर येतात, एक होतात, आणि पुन्हा पहिल्याइतके मोठे होतात.

"डबी सोडून उघड्यावर येतात?"

"हो."

"आणि नाही सोडली तर?"

"मग संपतात."

अक्काने एक पान कापलं. "बघ अम्मा, हिच्या शेवाळालासुद्धा कळतं," ती म्हणाली. अम्मा हसली. अक्का हसली नाही. आवाज खाली आणून ती म्हणाली, "अम्मा, मी इथे राहू?" नान्ना चार पावलांवर खाटेवर बसून सायकलची चेन पुसत होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

"सणात?" अम्मा म्हणाली. "वेडी का तू? तीन वर्षं झाली लग्नाला, पदरात अजून मूल नाही, त्यात ऐन बतुकम्मात माहेरी येऊन बसलीस तर तुझी सासू गल्लीभर काय सांगत फिरेल? नऊ दिवस होऊ देत. मग ये. महिनाभर रहा, मी स्वतः आणायला येते."

"मग नको. आत्ता."

"आत्ता नको, बंगारू." बंगारू म्हणजे सोनं. "जा. दिवेलागणीच्या आत पोच."

अक्काने कात्री खाली ठेवली. तिच्या मनगटावर काळसर काहीतरी होतं, ते बांगड्यांचं असेल असं मला वाटलं. मग तिने कापलेली पानं नीट रचून ठेवली, चपला घातल्या आणि गेली.

शेवटच्या दिवशी हिप्परग्याच्या तलावावर गर्दी होती. सासरचे म्हणाले, सगळ्या बायकांबरोबर ती पाण्यात उतरली, ताट सोडायला पुढे गेली, त्यानंतर कुणी पाहिलं नाही. वाटलं, दुसऱ्या घोळक्याबरोबर घरी गेली असेल. सकाळी मासे धरणाऱ्यांना ती सापडली.

सरकारी दवाखान्याच्या आवारात अम्माने तिचा चेहरा पाहिला आणि कानाखालचं बोटभर काळं-निळं पाहिलं. ती रडली नाही. तिथल्या हवालदारासमोर उभी राहून मराठीत, जे ती बाजाराखेरीज कुठे बोलत नसे, म्हणाली, "माझ्या पोरीला मारून पाण्यात टाकलंय. लिवा."

हवालदार वयस्क आणि वाईट नव्हता. "अम्मा, तळ्यात दगडं असत्यात. लागतंय की. डाक्टर बगतील, तुमी बसा हितं."

"मी बसनार न्हाय. लिवा."

त्याने लिहिलं. पुढे जे झालं त्याला योगायोग म्हणावं लागेल. शवविच्छेदन करणारे डॉक्टर सरांचे जुने विद्यार्थी. हाडाचा नमुना बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला तर उत्तराला कितीतरी महिने लागत. तोवर सरांनी बघून लेखी मत द्यावं असं त्यांनी आणि पोलीस साहेबांनी ठरवलं. छातीच्या हाडाचा एकच तुकडा होता. बाकीची अक्का आम्ही त्याच दुपारी जाळली होती.

सर घरी आले. चटईवर मांडी घालून बसले आणि नान्नांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने, एकेक शब्द सोडवत सांगू लागले. त्या दिवशी आमच्या घरातलं ते बोलणं सगळ्या गल्लीने ऐकलं. माणूस जिवंत असताना पाण्यात गेला तर तो श्वास घेतो. पाणी फुप्फुसात जातं, पाण्यातले हे बारीक जीव रक्तात जातात, आणि हृदय चालू असतं तोवर रक्त त्यांना हाडांपर्यंत नेतं. मेलेल्या माणसाला पाण्यात टाकलं तर हृदय बंद असतं, ते हाडापर्यंत पोचत नाहीत. हाड आम्लात विरघळवायचं. आत काच सापडली तर ती बुडाली. नाही सापडली तर ती आधीच गेली होती.

"हौदातली ती घाण सांगणार?" अम्माने विचारलं.

"तीच सांगणार, अव्वा," सर म्हणाले; कानडीत आईला अव्वा म्हणतात. "तिला कुणाची भीती नाही."

मला त्यांनी बाहेर नेऊन बजावलं, "तू लॅबमध्ये येऊ नको आता. तुझ्या बहिणीचं हाय हे." मी हट्ट धरला. काहीतरी करायला हवं होतं मला, हाताला काम हवं होतं. शेवटी ते म्हणाले, "बरं. फक्त काचसामान. सहा नळ्या धुऊन वाळवून ठेव. बाकी कशाला हात लावू नको. मी परवा येतो." त्यांच्या गावी भावाकडे काही कार्य होतं.

पुढचं मी सावकाश लिहिते. लॅबमध्ये डिस्टिल्ड पाण्याचा कॅन रिकामा होता. पाण्याची वाफ करून ती पुन्हा निववणारं ते यंत्र चालवायला नळाचं पाणी सतत वाहतं लागतं, आणि नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. शिपाई म्हणाला, "ताई, ड्रममधल्या पाण्यानं धुवा की, कोण बघतंय?" मला राग आला. ड्रमच्या पाण्याने अक्काच्या नळ्या? मी घरी गेले. सुतकाचं घर, चूल शेजारणीने पेटवलेली. अम्मा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "अम्मा, नळ्या धुवायला चांगलं पाणी हवंय." ती उठली. त्या दिवसांत ती कशालाच उठत नव्हती, पण त्याला उठली. पातेलं घासलं, पाणी खळखळून उकळलं, निवू दिलं आणि चारपदरी फडक्यातून स्टीलच्या बरणीत गाळलं. दोन वेळा गाळलं. बरणी माझ्या हातात देताना म्हणाली, "सांडू नकोस."

मी नळ्या आधी आम्लाने धुतल्या, शिकवलं होतं तसं, आणि मग अम्माच्या पाण्याने विसळल्या. प्रत्येक पाच वेळा. उपड्या करून वाळत ठेवल्या. एक फुटली.

सर परत आले तेव्हा येताना त्यांनी डिस्टिल्ड पाण्याचा भरलेला कॅन आणला. पाच नळ्या त्यांनी मोजल्या. फुटलेलीच्या जागी नव्या पुड्यातली एक काढली आणि त्या नव्या नळीत नुसतं आम्ल आणि पाणी, हाडाशिवाय, उकळलं. आम्लात किंवा पाण्यातच काही असेल तर कळावं म्हणून हे नेहमी करतात. ती नळी स्वच्छ निघाली. हाडाच्या नळ्यांमध्ये अकरा डायटम सापडले. नावा, सुया, दोन चाकं. सगळे तलावातले.

सरांनी मत लिहून सही केली. अधिकाऱ्यांनी अपघाती बुडून मृत्यू असं नोंदवलं. सासरचे दिवसकार्याला आले, जेवले, गेले.

अम्माला मीच सांगितलं. तिने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे पाण्यात गेली तेव्हा जिवंत होती."

"हो."

"पोहता येत नव्हतं तिला. कमरेच्या पुढे ती कधी जायची नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "मग स्वतःच गेली. मी परत पाठवली म्हणून गेली."

नान्ना विचारत होते, "काय म्हणते? काय म्हणते ती?" कुणी त्यांना सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत असंच समजत राहिले की पाय घसरला.

त्यानंतर अम्माने बतुकम्मा केली नाही. घरी आलेल्या बाईला ती 'जा' किंवा 'जाऊन ये' म्हणेनाशी झाली. शेजारच्या मुली सहज डोकावल्या तरी त्यांना बसवून घेई, काहीबाही खायला काढी, त्या उठल्या की पुन्हा बसवी. मुलींना ते चमत्कारिक वाटू लागलं, आणि हळूहळू त्या येईनाशा झाल्या. अम्मा दारात पानं कापत बसे, आणि रस्त्याने कुणाची लेक माहेरी आलेली दिसली की कात्री थांबे.

संक्रांतीच्या सुमाराला लॅबमध्ये पुन्हा पाण्याची ओरड झाली. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. मी घरून बरणी भरून नेली. सरांनी विचारलं, "हे काय?"

"पाणी, सर. घरचं. उकळून गाळलेलं आहे."

सर हसले. अक्का गेल्यापासून ते माझ्यासमोर पहिल्यांदाच हसले असतील. "अगं तंगी, अव्वा उकळते ते जंतू मरायला. ह्यांचं काय मरणार? आम्लात उकळून मोडत नाही ते तुझ्या चुलीवर मोडणार? आणि फडक्याच्या भोकातनं तर बैलगाडी जाईल ह्यांची." बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. त्यांचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे बदलले. "तेव्हा," ते म्हणाले, "तेव्हा पण हेच पाणी?"

मी मान हलवली.

त्यांनी एक नळी घेतली. बरणीतल्या पाण्याने विसळली, उपडी केली, वाळू दिली, मग आत थोडं डिस्टिल्ड पाणी घालून ढवळलं आणि थेंब काचपट्टीवर घेतला. आधी त्यांनी पाहिलं. मग उठून मला जागा दिली. नावा होत्या, सुया होत्या. मी मोजायला लागले आणि सर म्हणाले, "नको मोजू."

दोन वर्षं मी रोज आम्लात डायटम उकळत होते. काच मरत नाही हे मला पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहिलं होतं. आणि तरी स्वयंपाकघरातल्या पातेल्याशी आल्यावर मी अम्माची मुलगी झाले. शिकलेलं एका खोलीत राहिलं आणि जन्मापासूनचं दुसऱ्या. आता इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावरही या गोष्टीचा मला दुसरा अर्थ लावता आलेला नाही.

"पुन्हा करता येईल?" मी विचारलं.

"हाड संपलं, तंगी. सगळंच वापरलं मी." ते स्टुलावर बसले. "हाडाशिवायची ती चाचणी नव्या नळीत करायला नको होती. धुतलेल्यातलीच एक घ्यायला पायजे होती. माझी चूक."

ती त्यांची चूक नव्हती, निदान फार थोडी होती, पण त्यांनी ती तशीच धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मी बाकावर बसले. दार उघडं होतं. साहेब शांतपणे ऐकत होते, चहा मागवला होता.

"सर, ह्याच्यावर तुमचीच सही हाय की."

"होय. ते मत मी मागे घेतो."

"म्हणजे पोरगी बुडून मेली न्हाय?"

"तसं म्हणत नाही मी."

"मग मारून टाकलं?"

"तसंही म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणतोय. आता कुणालाच कळणार नाही."

साहेबांनी कप खाली ठेवला. "सर, माहीत न्हाय असं कागदावर कसं लिहू?" त्यांनी सरांचा अर्ज घेतला, ठेवून दिला. त्याचं पुढे काही झालं नाही.

बाहेर आल्यावर सर सायकलचं कुलूप काढायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. म्हणाले, "अव्वाला सांगायला पायजे. तिला वाटतंय पोरीनं जीव दिला. ते सिद्ध झालेलं नाही, एवढं तरी तिला कळू दे. मी येतो बरोबर."

"मी सांगते, सर."

मी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी घरी गेले तर अम्मा पाणी गाळत होती. काय सांगणार होते? की तू माझ्यासाठी दोन वेळा गाळलेल्या त्या पाण्याने हे केलं? आठवडाभराने सांगू म्हटलं, मग परीक्षेनंतर. मग मनाशी ठरवलं की आता ती सावरते आहे, जखम कशाला उकरा. ती सावरत नव्हती. मी ते रोज पाहत होते. सर अधूनमधून विचारत, "सांगितलंस?" तिसऱ्या वेळी मी "हो" म्हटलं. "काय म्हणाली?" "काही नाही, ऐकून घेतलं." त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो पाहून मला पुन्हा खरं बोलणं अशक्य झालं. ते त्या समाधानात निवृत्त झाले आणि त्या समाधानातच वारले.

नान्ना गेले. शेजारचं शेड बंद पडलं, तसबिरीची थरथर थांबली. मी आणि अम्मा दोघीच उरलो. तिच्या हातातल्या विड्या सुटल्या, तंबाखूचा वास मात्र सुटला नाही. मी तिला न्हाऊ घालायची, जेवू घालायची आणि मनात रोज एकदा सांगायची. मला वाटायचं, माझ्याकडे एक किल्ली आहे. ती फिरवली की हिच्या मानेवरचं ओझं उतरेल, आणि ती मी निव्वळ भित्रेपणाने दाबून ठेवली आहे. हे पाप मोठं होतं, पण त्यात एक आधारही होता: किल्ली आहे, कधीतरी फिरवता येईल.

मागच्या उन्हाळ्यात, दुपारी, मी ती फिरवली. अम्मा खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी खाली बसून सगळं सांगितलं. कॅन, नळ्या, बरणी, अकरा डायटम, सरांचं हसणं, पोलीस ठाणं. तेलुगूत सांगितलं, मोठ्याने, कारण आता तिलाही कमी ऐकू येई. शेवटी म्हटलं, "म्हणजे अम्मा, तिने जीव दिला असं काही ठरलेलं नाही. कधीच ठरलं नव्हतं. तू उगाच स्वतःला..."

तिने हाताने मला थांबवलं. तिला समजलं होतं, सगळं समजलं होतं. "पाणी माझंच होतं म्हणतेस," ती म्हणाली.

"हो."

"बरं." ती पंख्याकडे बघत राहिली. "कुणी मारली असेल तरी मी पाठवली तिथेच मारली ना? पडली असेल तरी मी पाठवली तिथेच पडली. तुझ्या नळीत काही सापडलं काय, नाही सापडलं काय. ती 'राहू' म्हणाली आणि मी 'जा' म्हटलं." तिने माझ्याकडे मान वळवली. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं तिने विचारलं, "चिन्नी, तू पण होतीस की तिथे. माझ्या शेजारीच बसली होतीस. तू का नाही म्हणालीस, राहू दे तिला?"

अम्मा त्यानंतर चार महिने होती. तिने ते पुन्हा विचारलं नाही. तिला जाऊन आता आठ महिने झाले, आणि इतकी वर्षं मी पाण्याचा विचार करत आले त्याऐवजी रोज या एका प्रश्नाचा विचार करते. अक्काने विचारलं तेव्हा मी ऐकलं होतं. ती हळू बोलली होती, पण माझे कान चांगले होते. माझ्या हातात एक पान होतं, कडेला थोडं किडलेलं, आणि फर्मा त्याच्यावर कसा बसवला तर किडलेला भाग बाहेर राहील ते मी बघत होते. मी मान वर केली नाही.